वाजवी झीज

बँकेत एकतीस वर्षं मी इतरांच्या गाड्यांना कर्ज दिलं.
कोण फेडेल, कोण बुडवेल,
सहीच्या वळणावरून कळायचं.
आता आमचीच फाइल माझ्यापुढे
आणि अर्जदार बाल्कनीत उभे राहून
जास्वंदीवरचा मावा पुसतायत.

वहीत दोन रकाने. डावीकडे निळी, उजवीकडे पांढरी.
निळी कागदावर साडेचारशे जाते,
खंबाटकी चढून, एसी लावून, तीनशे वीस.
पांढरीचा पल्ला थोडा कमी, पण सीट उंच,
बसता-उठता माझ्या गुडघ्याची तक्रार नाही.
निळीला काचेचं छप्पर.
पुण्याच्या एप्रिलात काचेचं छप्पर कुणाला हवंय,
असं विचारलं तर खिंवसरांचा हर्षल हसला.
हसणं विकणाऱ्याचं वाटलं नाही,
म्हणून तेही वहीत नोंदवलं.

बाणेरच्या शोरूममध्ये त्यानं निळीचं बॉनेट उघडलं.
अच्युत खाली वाकला.
चौतीस वर्षं चिंचवडला पिस्टनच्या रिंगा तपासल्या त्यानं,
केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक
अंगठ्याच्या नखाला कळायचा.
आत इंजिन नव्हतं.
सामान ठेवायचा करडा डबा, त्यात एक पिवळं फडकं.
त्यानं हात घालून तळ चाचपला,
जणू कुणीतरी काहीतरी विसरून गेलंय.
मग म्हणाला, "बरंय. भाजी राहील."

विकत घ्यावी, तर बॅटरीची हमी आठ वर्षं.
(मी बासष्टची, तो सदुसष्टचा.
हे रकान्यात लिहिलेलं नाही.)
शिवाय चार्जरला सोसायटीची परवानगी.
पोंक्षे म्हणतात, आज तुम्हाला दिली तर उद्या सगळे मागतील,
जणू मी पार्किंगमध्ये हत्ती बांधतेय.
लीजवर घ्यावी, तर अठ्ठेचाळीस हप्ते,
विमा त्यांचा, टायर त्यांचे,
शेवटी किल्लीही त्यांची.

"आणि ओरखडा आला तर?" अच्युतनं विचारलं.
"वाजवी झीज चालते, काका. करारातच आहे."

अच्युतनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं,
मी माझ्या गुडघ्याकडे,
आणि आम्हाला जे हसू आलं
ते हर्षलला समजावून सांगता येईना.

रात्री बेरीज केली.
विकत घेणं स्वस्त पडतं, एक लाख चाळीस हजारांनी.
कुठल्याही शाखेत प्रस्ताव मंजूर झाला असता.
पण लीजच्या कागदावर खाली एक ओळ होती:
वर्षाला पंधरा हजार किलोमीटर.
जुन्या गाडीच्या पावत्या काढल्या.
गेल्या वर्षी आमचे झाले बेचाळीसशे.
मंडई, दवाखाना, कोथरूडला नणंदेकडे,
एकदा वाईचं लग्न.
म्हणजे दर वर्षी दहा हजार आठशे किलोमीटर
पैसे भरून जायचंच नाही.
चार वर्षांचे त्रेचाळीस हजार दोनशे.
मी मोठ्यानं वाचलं:
पृथ्वीला एक फेरी, वर तीन हजार शिल्लक.

अच्युत फडकं पिळत होता.
"मग जाऊया की."
"कुठे?"
"तेवढं."

"तेवढं" एवढ्या तारणावर
मी आजवर कुणाला रुपया दिलेला नाही.

सकाळी दहाला हर्षलला फोन लावला.
विचारलं, न वापरलेले किलोमीटर
पुढच्या वर्षात ओढता येतात का,
रजा साठवतो तसे?
तो जरा गप्प.
असं अजून कुणी विचारलं नाही, काकू,
वर विचारून सांगतो.

दुपार झाली, फोन नाही.
वही उघडली तर
निळीच्या आणि पांढरीच्या मधल्या कोऱ्या पट्टीत
अच्युतचं तिरकं अक्षर:
भंडारदरा. वेरूळ, थंडीत.
गोकर्ण (वाटेत चार्जर?)